तीन हजार आठशे चाळीस कुटुंबांच्या काडेपेट्या

पाहणीवाल्या बाई आल्या तेव्हा मी बनियनवर होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझी प्रतिष्ठा सतत उतरतच गेली, आणि ती मुळात कुठल्या पायरीवर उभी होती याची नोंद असलेली बरी.

"अभिनंदन," बाई दारातूनच म्हणाल्या. "तुमचं घर निवडलं गेलंय."

आयुष्यात माझी निवड दोनदाच झाली आहे. एकदा शाळेत फळा पुसायला आणि एकदा बायकोकडून, आणि दुसऱ्या निवडीबद्दल निवड समितीत अजून मतभेद आहेत. त्यामुळे मी घाईघाईने शर्ट चढवला आणि बाईंना खुर्ची दिली.

"कशासाठी निवडलंय?"

"विभागीय पाहणीसाठी. बिगर-टिकाऊ वस्तूंवरचा घरगुती खर्च. चार महिने."

बिगर-टिकाऊ म्हणजे वापरली की संपते अशी वस्तू, असं त्यांनी समजावलं. साबण, तेल, चहापत्ती, मीठ, टूथपेस्ट, डोकेदुखीच्या गोळ्या. माणूस कपाट वीस वर्षांत एकदा घेतो. त्यावरून विभागाची आर्थिक प्रकृती कळत नाही. पण दिवस वाईट आले की घरातली साबणाची वडी आधी बारीक होते. सरकारला ती वडी बघायची होती. मला हे इतकं पटलं की मी उठून न्हाणीघराचं दार हळूच ओढून घेतलं. आमची वडी त्या दिवशी आरपार दिसण्याइतकी पातळ झाली होती.

"आणि एक लक्षात ठेवा," बाई नोंदवही पुढे करत म्हणाल्या, "अख्ख्या विभागातून थोडीच घरं घेतलीयत. तुमचं एक घर म्हणजे आम्ही तीन हजार आठशे चाळीस घरं धरतो."

हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात मीटरच्या तक्रारी घेतो. सव्वीस वर्षं लोक माझ्याशी काचेतल्या भोकातून बोलत आहेत. अशा माणसाला एका सकाळी अचानक तीन हजार आठशे चाळीस कुटुंबांचा प्रमुख केलं तर त्याचं जे व्हायचं तेच माझं झालं. मी दात घासायला उभा राहिलो की वाटे, आत्ता तीन हजार आठशे चाळीस पुरुष आरशासमोर उभे आहेत, आणि पेस्ट किती घ्यायची ते माझ्याकडे बघून ठरवणार आहेत. रविवारी आंघोळीला फाटा द्यायची माझी जुनी पद्धत होती. तीही सुटली. एवढा मोठा जनसमुदाय पारोसा ठेवायचा म्हणजे काय!

"मी आता एकटा राहिलो नाही," मी बायकोला म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या सगळ्यांना घेऊन आधी कचऱ्याची बादली बाहेर ठेवा."

नोंदवही मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधली, आणि घरातल्या सगळ्यांना, म्हणजे बायको आणि बाबा या दोघांना, समोर उभं करून एक छोटंसं भाषण केलं. आकड्यांची शुचिता, राष्ट्र, प्रामाणिकपणा वगैरे. घरात आलेली प्रत्येक वस्तू ज्याने आणली त्याने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहायची. बायको मध्येच उठून दूध बघायला गेली. बाबांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

बाबा एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी सुटल्याची आणि लागल्याची वेळ वहीत मांडायची, मिनिटाची गफलत चालायची नाही. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, आई जाऊन तीन, पण मनगटावरचं घड्याळ झोपतानाच काय ते उतरतं.

"वेळसुद्धा लिहायची का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलीत तर उत्तमच," मी म्हणालो. आपल्या भाषणाचा एखाद्यावर तरी परिणाम झाला याचं मला बरं वाटलं.

बातमी इमारतभर पसरायला दोन दिवस लागले, कारण पहिला दिवस मी आजारी होतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त अव्वल कारकून राहतात. त्यांना सगळे 'सर्वज्ञ' म्हणतात आणि त्यांना ते कौतुक वाटतं. त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"जास्त दाखवा," ते कुजबुजले. "चार साबण आणले तर सात लिहा. विभाग सुधारलेला दिसला की रस्ते होतात, दिवे लागतात. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे."

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "अहो, भलतंच काय शिकवताय? कमी दाखवा साहेब, कमी! आपण खातोपितो सुखात असं कळलं की पहिली घरपट्टी वाढते. आम्ही तर म्हणतो लिहा, महिनाभर साबणच लावला नाही."

"आणि वास आला तर?" सर्वज्ञ कडाडले.

"वास काय फॉर्मात येतो?"

दोघं माझ्या अंगावरून अर्धा तास भांडले. मी ताठ मानेने म्हणालो, की मी जे आहे तेच लिहिणार. त्यावर दोघांचंही एकमत झालं की हा माणूस कामाचा नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराची तऱ्हा वेगळीच. मी अर्धा किलो साखर मागितली की तो तराजू असा धरी की जणू धरणाचा दरवाजा उचलतोय. "साहेब, अर्धाच? एक घ्या ना. तुम्ही उचललीत म्हणजे बाजारच उचलला." पाहणीच्या आधी हाच माणूस मला सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या देत असे.

महिना संपला. मी बायकोच्या नोंदी बारीक तपासल्या, दोन ठिकाणी तिचं हस्ताक्षर सुधारलं आणि त्यावरून दोन दिवस गार चहा प्यायलो. बाबांचं पान मात्र मी उघडलंच नाही. एकतीस वर्षं मिनिटाची चूक न केलेल्या माणसाचं काय तपासायचं? बाई आल्या, वही घेऊन गेल्या, नवी देऊन गेल्या.

दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर सर्वज्ञ वर्तमानपत्र फडकवत जिना उतरले.

"बुडालो!" ते म्हणाले. "वाचा."

पाचव्या पानावर विभागीय अहवालाची बातमी होती. साबण, तेल, साखर यांचा खप समाधानकारक होता. परंतु विभागात काडेपेट्यांच्या खरेदीत अभूतपूर्व वाढ दिसून आली होती. लोक गॅस सोडून पुन्हा लाकडं पेटवू लागले असावेत, हे घटत्या राहणीमानाचं चिंताजनक लक्षण असावं, असं एका तज्ज्ञाचं मत होतं. दुसऱ्या तज्ज्ञाच्या मते वीजपुरवठ्याची चौकशी व्हायला हवी होती. तिसऱ्याने जंगलांबद्दल काळजी व्यक्त केली होती.

"कोण घेतंय हो एवढ्या काडेपेट्या?" मी तुच्छतेने म्हणालो. "आमच्याकडे तर लायटर आहे. वर्षाला एक काडेपेटी पुरते."

चौथ्या दिवशी टपालाने पत्र आलं. विषय: आपल्या नोंदवहीतील विसंगतीबाबत. आमच्या तीन माणसांच्या घरात एका महिन्यात एकतीस काडेपेट्या आल्या होत्या. गुणिले तीन हजार आठशे चाळीस, म्हणजे एक लाख एकोणीस हजार चाळीस. पडताळणीसाठी अधिकारी समक्ष येतील, साठा तयार ठेवावा.

मी खिळ्यावरची चालू वही काढली आणि बाबांचं पान उघडलं. टपोरं, सरळ, रेघेवर बसलेलं अक्षर.

'१ तारीख. सायं. ५.१०. काडेपेटी १.'
'२ तारीख. सायं. ५.१०. काडेपेटी १.'
'३ तारीख. सायं. ५.१२. काडेपेटी १. (पाऊस.)'

आजपर्यंत एकही दिवस चुकला नव्हता.

बाबा खुर्चीत बसून घड्याळाला किल्ली देत होते. मी गेलो आणि अधिकारवाणीने म्हणालो, "बाबा, या एवढ्या काडेपेट्या कशाला? अख्खा विभाग बदनाम झाला. आता आणू नका बुवा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग किल्ली दिलेलं घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. मी पाणीपुरवठ्यात असतो, 'बरं' म्हणून निघून जाणारा तक्रारदार आम्हाला सर्वांत आवडतो. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

पाच दिवसांनी बायको म्हणाली, "त्यांचं दुकान का बंद केलंत?"

"दुकान कुठे बंद केलं? काडेपेटी बंद केली."

"तुम्हाला खरंच काही दिसत नाही का हो?" तिने हातातली लाटी पोळपाटावर तशीच ठेवली. "पाच वाजता जायचे. तासभर दुकानाशी उभे राहायचे. समोरून बस जाते, ते घड्याळ बघतात, हा दुकानदार विचारतो 'आज किती लेट?', ते सांगतात. शिंपी येतो, अजून कोण कोण येतं. घरी आले की मला सांगायचे, सातवी गाडी आज वेळेवर होती म्हणून. गेले पाच दिवस एक शब्द नाही. खिडकीशी बसतात. त्या खिडकीतून बस दिसतसुद्धा नाही, नुसता आवाज येतो. आवाजावरून वेळ लावतात."

मी बाहेरच्या खोलीत डोकावलो. बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते. लांब कुठेतरी एक गाडी गियर बदलत गेली. त्यांनी मनगट थोडं वर केलं, पाहिलं आणि परत मांडीवर ठेवलं. सांगायला कुणी नव्हतं.

मी जवळ जाऊन बसलो. "बाबा, दुकानात जाऊन या ना. काही घ्यायलाच हवं असं कुठे आहे? नुसते जा."

"नुसता?" बाबा म्हणाले. "नुसता जाऊन पायरीवर उभा राहू त्याच्या? गिऱ्हाईक असतो तोवर ठीक आहे. गिऱ्हाईक नाही तर मग मी कोण तिथे?"

मी पर्यायी वस्तू सुचवायचा प्रयत्न केला. रोज मीठ आणलं तर विभागात रक्तदाबाची साथ जाहीर होईल. रोज गोळ्या आणल्या तर आरोग्य खातं येईल. टिकाऊ वस्तू या पाहणीत धरत नाहीत, पण रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी खुर्ची कोण आणणार, आणि ठेवणार कुठे? काडेपेटीच सर्वांत स्वस्त होती. बाबांनी पुरता विचार करूनच ती निवडली होती. कुणावर भार नको, आणि फुकट उभं राहिल्याचा बोल नको.

दरम्यान विभागाची प्रकृती सुधारत होती. पत्र आल्यापासून वहीतले आकडे मी फोनवर कळवत होतो. बाई म्हणाल्या, "या पंधरवड्यात काडेपेट्या एकदम शून्यावर! वरचे खूश आहेत." मी खिडकीकडे बघितलं. वरच्यांना काय, खूश व्हायला फार लागत नाही.

पडताळणी अधिकारी शनिवारी आले. उंच, वाळलेले गृहस्थ, खिशाला तीन पेनं. बरोबर पाहणीवाल्या बाई, आणि कुणीही न बोलावता सर्वज्ञ आणि शिंपी. दोघांनी दारात जागा धरली. विभागाचं भवितव्य ठरत असताना घरी कसं बसवणार?

"साठा दाखवा," अधिकारी म्हणाले.

बाबा उठले. त्यांनी आपल्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला. काडेपेट्या डेपोतल्या गाड्यांसारख्या ओळीत लावलेल्या होत्या. दहाची एक रांग, प्रत्येक रांगेचं तोंड एकाच दिशेला. अधिकाऱ्यांनी मोजल्या. शेहेचाळीस. एक उघडून बघितली. भरलेली. दुसरी. तीही भरलेली.

"एकही काडी वापरलेली नाही," ते म्हणाले. त्यांनी तक्ता काढला. "उपयोग काय, हा रकाना मला भरावा लागेल. स्वयंपाक, दिवाबत्ती, धूम्रपान, इतर. आजोबा, नोंदी तुमच्या अक्षरात आहेत. तुम्ही सांगा. कशाला घेत होता?"

बाबांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि घड्याळ झाकून तिथेच राहिला. दारात सर्वज्ञ टाचा उंचावून उभे होते. आता बाबा खरं तेच सांगणार, हे मला दिसत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी एकही खोटी वेळ लिहिली नव्हती. ते सांगणार, की मला कुणाशी तरी बोलायचं असायचं. आणि ते या तक्त्यात लिहिलं जाणार, शिंप्याच्या आणि सर्वज्ञांच्या समोर, आणि बाबा पुन्हा त्या दुकानाकडे कधी पाहणारसुद्धा नाहीत.

"माझ्या आहेत," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांत जास्त चकित झालो होतो.

"मी सिगरेट ओढतो," मी म्हणालो. "बाबा माझ्यासाठी आणायचे. मीच सांगितलं होतं."

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

अधिकाऱ्यांनी वही चाळली. "सिगरेटची खरेदी कुठेच नाही. लपवलीत? तो गुन्हा आहे."

"विकत घेत नाही. मागून ओढतो."

"मागून?"

"ऑफिसात. लोकांकडून." माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीची अब्रू शिंप्याच्या डोळ्यांसमोर जिना उतरत होती. "मागून ओढलेल्याचा रकाना तुमच्याकडे नसेल."

"नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"पण काडेपेट्या तर भरलेल्या आहेत!" अधिकारी म्हणाले.

"जे सिगरेट देतात तेच पेटवूनही देतात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला काडेपेटी कशाला लागते?"

इथे माझी कल्पनाशक्ती संपली. म्हणून मी खरं बोललो.

"रिकाम्या हाताने कसं जायचं साहेब कुणाजवळ?" मी म्हणालो. "चार माणसांत उभं राहायचं, त्यांच्यात बोलायचं, तर आपल्याकडे काहीतरी नको? नाहीतर वाटतं, आपण कोण इथे? खिशात काडेपेटी असली की माणूस उभा राहू शकतो. पेटवायला लागते असं नाही."

मी बाबांकडे बघितलं नाही. अधिकाऱ्यांनी पेन पुन्हा उचललं, 'इतर' समोर खूण केली आणि पुढच्या तीन इंची रेघेवर काहीतरी लिहिलं. बाईंनी नंतर मला सांगितलं. त्यांनी लिहिलं होतं : 'वस्तूचा पूर्ण उपयोग झालेला आहे. साठा शून्य धरावा.'

जाताना ते दारात थांबले. "मी स्वतः रोज एक वर्तमानपत्र जास्त घेतो," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

माझ्या बदनामीला दोन दिवस नाही, दोन तास पुरले. शिंप्याने लवंग चघळायला सांगितली. सर्वज्ञ सिगरेट सोडण्याचे अकरा उपाय कागदावर लिहून घेऊन आले, आणि त्यांतला नववा उपाय म्हणजे त्यांच्याबरोबर पहाटे फिरायला जाणं हा होता. सोमवारी ऑफिसात शिपायाने मला बघून खिशावर हात ठेवला. बायको एक अक्षर बोलली नाही, पण त्या संध्याकाळी चहा गरम होता आणि साखर जरा जास्तच पडली होती.

बोलले फक्त बाबा.

"लाज नाही वाटत?" ते म्हणाले. "पन्नाशी आली. लोकांच्या सिगरेटी मागतोस?"

"चुकलं बाबा."

"चुकलं म्हणून भागत नाही. लक्ष ठेवायला पाहिजे तुझ्यावर."

पाच वाजले होते. बाबांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"दुकानात. त्याला बजावून येतो, याला कुणी सिगरेट देऊ नका, मागितली तरी. आणि एकदा सांगून भागायचं नाही. रोज जावं लागेल."

ते साडेसहाला परतले. दुकानदाराने स्टूल दिलं होतं. सातवी गाडी चार मिनिटं लेट होती. हे त्यांनी बायकोला चप्पल काढता काढताच सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "तोंड उघड."

मी पन्नाशीतला, पाणीपुरवठ्यातला माणूस. तोंड उघडलं आणि बापाच्या नाकासमोर श्वास सोडला.

"हं," बाबा म्हणाले.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. पाहणी संपली, वही गेली, आमचं घर पुन्हा एकाच घराएवढं झालं. बाबा रोज पाचला दुकानात जातात, काहीही विकत घेत नाहीत आणि तासभर हक्काने बसतात. माझ्या सुधारणेची प्रगती तिथे तपशिलात सांगितली जाते, असं दुकानदाराकडून कळतं. परवा निघायच्या आधी त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला आणि चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "तू कधीच ओढली नाहीस."

मी उघडं तोंड मिटलं.

"बाप आहे मी तुझा. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग रोज वास कशाला घेता?"

बाबांनी घड्याळ बघितलं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

"तिथे विचारतात ना सगळे, 'आज कसा आहे मुलगा?' म्हणून," ते म्हणाले. "न बघता कसं सांगायचं?"